दोन रंगांच्या टाचण्या : जनरल पामरच्या नकाशाच्या प्रकल्प नोंदी

७ जानेवारी

वाचनालयाने मागची खोली मार्चअखेरपर्यंत दिली. आज प्लायवूड आलं, आठ बाय चारचा अख्खा पत्रा. त्यावर कोलोरॅडो, न्यू मेक्सिकोची वरची कड आणि युटाचा पूर्व भाग काढायचा. प्रमाण ठरवलं : एक इंचाला सहा मैल. सॉल्ट लेक सिटी डावीकडे बसते, डेन्व्हर उजवीकडे बसतं. खाली एल पासो मात्र बसत नाही. तिथे बोर्डाच्या कडेला एक बाण काढून ठेवेन. त्या माणसाची गाडीही एल पासोला कधी पोचली नाही, म्हणून बाणच बरोबर.

माणूस म्हणजे विल्यम जॅक्सन पामर. डेन्व्हर अँड रिओ ग्रँड रेल्वे काढणारा, कोलोरॅडो स्प्रिंग्ज वसवणारा. ग्रंथपाल बाईंनी विचारलं, "काका, कुर्डुवाडीत हा परदेशी कशाला?" त्यांना म्हटलं, माझी नोकरीची पहिली वर्षं बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या रुळांवर गेली. अडीच फुटांचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. हा गृहस्थ तीन फुटांचं गेज घेऊन रॉकी पर्वतात शिरला. आपल्या गावातल्या माणसांना हे न सांगता उमगेल.

१० जानेवारी

जीवनपटाची पट्टी लिहायला घेतली. बोर्डाच्या वरच्या कडेला लावायची.

जन्म १८३६, डेलावेअर राज्यातल्या एका शेतावर, क्वेकर घराण्यात. क्वेकर म्हणजे शस्त्र हाती न धरणारा पंथ. घर पुढे फिलाडेल्फियाजवळ जर्मनटाउनला आलं. सतराव्या वर्षी पोरगा रेल्वेच्या सर्व्हे पार्टीत. १८५५ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्सला जाऊन तिथली रेल्वे आणि कोळशाच्या खाणी पाहून आला. परतल्यावर पेनसिल्व्हेनिया रेलरोडचे अध्यक्ष जे. एडगर थॉमसन यांचा सेक्रेटरी झाला. तेव्हा इंजिनात लाकूड जाळत. त्याऐवजी कोळसा कसा चालेल, याच्या चाचण्यांत हा होता.

ही कोळशाची गोष्ट पट्टीवर ठळक अक्षरात हवी. पुढे त्याने गावं, खाणी, पोलाद, रूळ हे सगळं एकाच हिशोबात धरलं. त्याचं मूळ इथे आहे.

११ जानेवारी

गुलामी मोडायची म्हणून क्वेकर मुलगा अमेरिकेच्या यादवी युद्धात उतरला. पंधराव्या पेनसिल्व्हेनिया घोडदळाचा कर्नल. १८६२ च्या सप्टेंबरात, अँटिएटमच्या लढाईनंतर, साध्या कपड्यांत शत्रूच्या मुलखात बातमी काढताना पकडला गेला. खरं नाव सांगितलं असतं तर फासावर गेला असता. खोटं नाव सांगून रिचमंडच्या कॅसल थंडर तुरुंगात काही महिने काढले आणि कैद्यांच्या अदलाबदलीत सुटला. इकडे त्याच्या पाठीमागे त्याच्या रेजिमेंटमध्ये बंडाळी झाली होती. परत येऊन त्याने तीच माणसं पुन्हा बांधली. १८६५ च्या जानेवारीत अलाबामात रेड हिलला दोनशेहून कमी माणसांनिशी मोठ्या तुकडीवर हल्ला केला, तोफ आणि सुमारे १०० कैदी घेतले, आपला एकही माणूस न गमावता. त्यासाठी मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, तेही १८९४ मध्ये, एकोणतीस वर्षांनी.

"जनरल" ही पदवी आयुष्यभर चिकटली.

१९ जानेवारी

नदी आणि डोंगर रंगवून झाले. आर्कान्सा, रिओ ग्रँड, ॲनिमास. डोंगरासाठी तपकिरी पातळ लावला होता, तो वाळल्यावर मातकट दिसतोय. दुसरा हात द्यावा लागेल.

२१ जानेवारी

आज गेजची पाटी. याच्यावर जास्त वेळ गेला आणि जायलाच हवा होता.

युद्धानंतर पामर कॅन्सस पॅसिफिक रेल्वेत. १८६७ मध्ये ३२ व्या आणि ३५ व्या अक्षांशांलगत पॅसिफिक किनाऱ्यापर्यंतचा सर्व्हे त्याने केला. तिथेच डॉ. विल्यम बेल हा इंग्रज डॉक्टर फोटोग्राफर म्हणून सोबत होता, तो जन्माचा भागीदार झाला. ऑगस्ट १८७० मध्ये कॅन्सस पॅसिफिकची गाडी डेन्व्हरला पोचली. बाकी सगळे रेल्वेवाले पूर्व-पश्चिम रेघ ओढत होते. पामरने उत्तर-दक्षिण रेघ ओढायची ठरवली : डेन्व्हरहून डोंगराच्या पायथ्याने एल पासो, आणि तिथून मेक्सिको. २७ ऑक्टोबर १८७० ला कंपनी नोंदली. नोव्हेंबरात क्वीन मेलनशी लग्न; क्वीन हे तिचं नावच. लग्नानंतर दोघं ब्रिटनला गेली आणि तिथे त्याने वेल्समधल्या फेस्टिनिऑगची दोन फुटांहून थोड्याच कमी गेजची रेल्वे समजून घेतली. त्याच वर्षी आपल्याकडे लॉर्ड मेयोच्या कारकिर्दीत स्वस्त लाइनसाठी मीटर गेज ठरत होतं. जगभर एकच विचार चालू होता : कमी पैशात रूळ किती लांब जाईल.

पामरने तीन फूट धरले. ९१४ मिलिमीटर. गेज अरुंद असलं की वळण आखूड घेता येतं. वळण आखूड घेता आलं की डोंगर कमी फोडावा लागतो, पूल कमी लागतात, बोगदे टळतात. डोंगराला वळसा घालून गाडी चढते. आपल्या नेरळ-माथेरानची दोन फुटी गाडी ज्याने पाहिली आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको.

पहिल्या लाइनचा रूळ यार्डाला ३० पौंडांचा. म्हणजे मीटरला साधारण १५ किलो. आज मेन लाइनला आपण ६० किलोचा रूळ टाकतो. दहा यार्डांचा तुकडा धरला तर १३६ किलो भरतो, रूळ टाकणाऱ्या गँगची पाच-सहा माणसं तो खांद्यावर घेऊन चालू लागतील. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने बार्शी लाइटसाठी डबे आणि इंजिनं आखली, तीही अशाच हलक्या रुळाला पेलतील अशी, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त नाही. आमच्या जुन्या मुकादमांच्या तोंडी या रुळाला "काडी" म्हणत. काडीवर पंढरीची वारी वाहून नेली.

२ फेब्रुवारी

पामरच्या लाइनची वाट दाखवणारा लाल दोरा ओवायला सुरुवात. डेन्व्हरला पहिला खिळा २८ जुलै १८७१ ला ठोकला. आणि ३१ जुलैला, फक्त तीन दिवसांनी, दक्षिणेला ७६ मैलांवर मोकळ्या माळावर नव्या गावाची पहिली खुंटी रोवली. रूळ तिथे पोचायला ऑक्टोबर उजाडला. दोरा ओवताना बोट थांबलं. गाव आधी, गाडी मागून. माझ्या नोकरीत मी नेहमी उलटं पाहिलं : स्टेशन होतं, मग चहाची टपरी येते, मग हळूहळू वस्ती.

पामरसाठी गाव हा धंद्याचाच भाग होता. रेल्वे जिथून जाणार ती जमीन आधी स्वस्तात घ्यायची, प्लॉट पाडायचे, विकायचे, त्या पैशाने आणि त्या गावाच्या मालाने पुढचा रूळ टाकायचा. पण कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये निव्वळ धंदा नव्हता. रस्ते शंभर फुटी, मोठे ॲव्हेन्यू १४० फुटी. उघड्या माळावर पाटाचं पाणी आणून झाडं लावली. कॉलेजला, मुक्या-आंधळ्या मुलांच्या शाळेला, बागांना, देवळांना जमीन दिली. क्वीनने त्याच नोव्हेंबरात गावातली पहिली शाळा सुरू केली, वय वर्षं एकवीस. आणि प्लॉटच्या खरेदीखतात एक अट : या जागेत दारू गाळली किंवा विकली, तर जमीन परत.

३ फेब्रुवारी

दारूच्या अटीमागचा माणूस मला समजतो. रेल्वेच्या टोकाला जी तात्पुरती गावं उभी राहत, तिथे काय चाले ते त्याने कॅन्ससमध्ये पाहिलं होतं. रेल्वेच्या मजुराची पगारादिवशीची संध्याकाळ मीही पाहिली आहे. गँगमधल्या एका माणसाची बायको पगाराच्या दिवशी ऑफिसच्या दाराशी उभी राहायची, पोर कडेवर घेऊन. मी पाकीट तिच्या हाती द्यायचो. नियमात बसत नव्हतं.

पामरने क्वीनला १८७० मध्ये लिहिलेल्या पत्रात एका छोट्या, आपल्या माणसांच्या रेल्वेचं स्वप्न रंगवलं आहे. वरच्या अधिकाऱ्यापासून खालच्या कामगारापर्यंत सगळे एका घरचे, सगळ्यांना कामात आपलेपणा. हे वाचताना हा माणूस मला आवडला. ते लपवायचं नाही.

११ फेब्रुवारी

चूक सापडली. मी दोरा प्वेब्लोहून दक्षिणेला थेट त्रिनिदाद गावातून नेला होता. मुलगी डेन्व्हरजवळ असते, तिने जुन्या नकाशाचा फोटो पाठवला. फोनवर म्हणाली, "बाबा, गाडी त्रिनिदादला गेलीच नाही. चार-पाच मैल अलीकडे थांबली." खरंच. १८७६ मध्ये पामरची लाइन एल मोरोला थांबली. एल मोरो हे त्याच्या कंपनीचं नवं गाव. त्रिनिदाद आधीपासूनचं, भरलेलं, सांता फे या जुन्या व्यापारी मार्गावरचं. त्याला बाजूला ठेवलं, कारण तिथली जमीन कंपनीची नव्हती.

चार-पाच मैल म्हणजे माझ्या नकाशावर पाऊण इंच. एक टाचणी सरकवण्याइतकं अंतर.

दोरा सोडवून पुन्हा ओवला. मग बसून बाकीची गावं तपासली.

१२ फेब्रुवारी

काल रात्री झोप लागली नाही. सगळीकडे हेच आहे.

कोलोरॅडो स्प्रिंग्ज वसवलं, पण तिथून जेमतेम अडीच-तीन मैलांवर १८५९ पासूनचं कोलोरॅडो सिटी होतं. काही काळ प्रांताची राजधानी असलेलं गाव. तालुक्याची कचेरी १८७३ मध्ये नव्या गावात गेली. जुन्या गावाकडे उरला दारूचा धंदा, कारण नव्या गावात ती विकायला बंदी. स्प्रिंग्जची माणसं संध्याकाळी तिकडे जात. १९१७ मध्ये जुनं गाव नव्यात मिसळलं.

प्वेब्लो होतं, तर नदीपलीकडे साउथ प्वेब्लो काढलं. कोनेहोस होतं, तर मैलभरावर अँटोनिटो. ॲनिमास सिटी होतं, तर १८८० मध्ये दोन मैल खाली दुरँगो. ॲनिमास सिटीच्या लोकांनी कंपनीच्या अटी मान्य केल्या नाहीत, एवढंच कारण. वर्षभरात दुरँगोला गाडी आली. ॲनिमास सिटी आज दुरँगोची उत्तरेकडची एक आळी आहे.

आता टाचण्या दोन रंगांच्या लागणार. पामरच्या गावांना पांढरी, शेजारच्या जुन्या गावांना काळी. बाजारातून दोन डब्या आणल्या. सहा मैलांचा इंच असल्यामुळे दुरँगो आणि ॲनिमास सिटीच्या टाचण्यांची डोकी एकमेकींना टेकतात. अँटोनिटो-कोनेहोसला तर दोन्ही टोचायला जागाच नाही, एक तिरकी लावली.

१३ फेब्रुवारी

ग्रंथपाल बाई बघून गेल्या. म्हणाल्या, "म्हणजे हा वाईट होता?" लगेच उत्तर देता आलं नाही. कुर्डुवाडीत राहणाऱ्याला हा प्रश्न सोपा नाही. आमचं गाव स्टेशनामुळे मोठं झालं. मोठी लाइन बार्शीला न जाता २१ मैलांवरून गेली, म्हणून इथे जंक्शन झालं, आणि इथल्या स्टेशनाचं नावसुद्धा तेव्हा बार्शी रोड होतं. आम्ही पांढऱ्या टाचणीची माणसं आहोत.

२६ फेब्रुवारी

आजच्याच तारखेची गोष्ट, १८७८ ची. ती मोठ्या पाटीवर घेतली.

न्यू मेक्सिकोत शिरायला रॅटन ही एकच सोयीची खिंड. पामरला ती हवी, सांता फे या प्रतिस्पर्धी रेल्वेलाही हवी. दोन रुळांपुरती जागा तिथे नाही. सांता फेचे इंजिनिअर रॉबिन्सन आणि मॉर्ली, आणि पामरचा इंजिनिअर मॅकमर्ट्री, असं सांगतात की पामरच्याच गाडीने एका वेळी एल मोरोला उतरले. मॅकमर्ट्री रात्रीचा निजला. सांता फेवाले घोड्यावरून थेट खिंडीत, रिचेन्स वूटनकडे. खिंडीतला टोलचा रस्ता या म्हाताऱ्याचा. त्याला राजी केलं आणि पहाटेच्या अंधारात फावडी चालू झाली. पामरची माणसं थोड्याच वेळाने वर आली तेव्हा सांता फेचा गट खणत होता.

आणि खणणाऱ्यांत त्रिनिदादचे लोक होते. एल मोरोचा राग दोन वर्षं त्यांच्या मनात होता. त्यांनी पामरच्या विरुद्ध फावडं उचललं. मला अख्ख्या प्रकल्पात ही एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. पाऊण इंच वाचवला आणि एल पासो गमावलं.

२७ फेब्रुवारी

रॉयल गॉर्जची पाटी आटोपशीर ठेवली, नाहीतर बंदुकांच्या गोष्टी सगळी भिंत खातील. आर्कान्सा नदीची घळ, हजार फुटांहून खोल, अरुंद जागी तळ फक्त ३० फूट रुंद. पलीकडे लेडव्हिलची चांदी. दोन्ही कंपन्यांनी माणसं भाड्याने घेतली, दगडांचे बुरूज रचले, स्टेशनं बळकावली, कोर्टात गेले. सर्वांना एका घरचे म्हणणाऱ्याच्या पगारावर आता बंदूकवाले होते. १८८० च्या मार्चमध्ये बोस्टनला तडजोड झाली : पामरने १८ लाख डॉलर देऊन घळीतली बांधलेली लाइन घ्यायची आणि दहा वर्षं दक्षिणेकडे एल पासोला जायचं नाही. बोर्डाच्या खालचा बाण याच ओळीला बांधला आहे. दोरा इथून पश्चिमेला वळतो.

५ मार्च

पश्चिमेकडचा दोरा एका दिवसात. १८८० ला कंब्रेस खिंड, १०,०१५ फूट. १८८१ ला मार्शल पास, १०,८४६ फूट. १८८२ च्या जुलैत दुरँगोहून ४५ मैल वर सिल्व्हर्टन. १८८३ ला सॉल्ट लेक. प्वेब्लोत पोलादाचा कारखाना, १८८२ पासून स्वतःचे रूळ.

सिल्व्हर्टनची लाइन मी गेल्या सप्टेंबरात पाहिली. मुलीने तिकीट काढलं होतं. स्टेशनात टेप लावून गेज मोजलं, आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत तीन फूट बरोबर. तिथला एक गँगमन बघत होता. त्याने माझ्याकडे बोट केलं, मग रुळाकडे. मी हाताने अडीच फूट दाखवले. तो गुडघ्यावर बसला आणि डॉग स्पाइकवर हाताने टकटक करून दाखवलं, पक्का आहे म्हणून. पुढे ॲनिमास नदीच्या वर कड्यात खोदलेल्या बाकावरून गाडी चालते. खिडकीतून खाली पाहिलं तर रूळ दिसत नाही, नदीच दिसते. कड्यावर सुरुंगाच्या पहारीचे अर्धगोल अजून आहेत. ज्यांनी ते पाडले त्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत.

६ मार्च

तिसरी खूण हवी, टाचणी नको. हा सगळा मुलूख यूट लोकांचा. सान हुआनचे डोंगर १८७३ च्या करारात त्यांच्याकडून गेले, तिथे चांदी सापडली म्हणून. १८८१ मध्ये पश्चिम कोलोरॅडोतल्या यूटांना युटात हाकललं, त्याच वर्षी ग्रँड जंक्शन वसलं आणि पुढच्या वर्षी पामरची गाडी पोचली. पश्चिमेच्या पट्ट्यावर गेरूचा पातळ हात दिला आणि वर नाव लिहिलं. दोरा त्या रंगावरून जातो, तो तसाच दिसू दिला.

१३ मार्च

१९०९ मध्ये आजच्या दिवशी तो गेला. शेवटची पट्टी आज लिहिली.

तीन फुटांचा फायदा डोंगरात, पण सपाटीला तोटा. दुसऱ्या कंपनीची गाडी आली की माल उतरवा, पुन्हा भरा. कुर्डुवाडीच्या यार्डात छोट्या डब्यातून मोठ्या डब्यात जाणारी पोती मी पाहिली आहेत, हमालांचे खांदे सोललेले असायचे. डेन्व्हर ते प्वेब्लो १८८१ मध्येच मोठ्या गेजच्या गाड्यांसाठी तिसरा रूळ टाकावा लागला. १८८३ मध्ये भागधारकांनी पामरला अध्यक्षपदावरून घालवलं. युटाकडचा भाग त्याने हाती ठेवला आणि १९०१ मध्ये विकला. त्यातले सुमारे दहा लाख डॉलर कामगारांत वाटले. म्हणजे पत्रातलं स्वप्न त्याच्या मनात होतंच, इतक्या वर्षांनी.

क्वीनचं हृदय उंचीवर थकलं. ती मुलींना घेऊन आधी पूर्वेला, मग इंग्लंडला गेली आणि १८९४ च्या डिसेंबरात वारली, चव्वेचाळीस वर्षांची. कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळचा ग्लेन आयरीचा वाडा त्याने नंतर किल्ल्यासारखा बांधला. १९०६ मध्ये घोड्यावरून पडून अंग लुळं पडलं. पुढच्या वर्षी जुन्या रेजिमेंटला भेटायला जाता येईना, म्हणून दोनशेहून जास्त म्हाताऱ्या घोडेस्वारांना स्वतःच्या खर्चाने घरी बोलावलं.

२८ मार्च

परवा उद्घाटन. पाटीचं मथळ्याचं कापड आलं, "शहरं वसवणारा माणूस". नको वाटलं. बाईंशी बोलून बदललं : "जनरल पामर, त्याची रेल्वे आणि सहा जोडगावं". रंगाऱ्याने रात्रीत करून द्यायचं कबूल केलं.

सहावी जोडी वेगळी आहे. गार्लंड सिटी हे १८७७ मध्ये रुळाच्या टोकाला उभं राहिलं. पुढच्या उन्हाळ्यात रूळ अलामोसाला गेला, तेव्हा लोकांनी घरं, दुकानं सुटी केली, उघड्या वॅगनवर चढवली आणि अलामोसाला नेऊन पुन्हा जोडली. अलामोसाला पांढरी टाचणी आहे. वाचनालयात येणारा शाळेचा मुलगा चिठ्ठ्या चिकटवत होता. त्याने आजच्या नकाशावर गार्लंड सिटी शोधलं आणि म्हणाला, "आजोबा, इथे काहीच नाही, काळी कुठे लावू?" त्याला अलामोसापासून पूर्वेला पाच इंच मोजून दिले, दोऱ्यावरच. त्याने तिथे टाचणी दाबली, आणि चिठ्ठीवर नाव आणि दोन सालं लिहिली.